महिला कॅन्सर चेकअप : लॅबचं २,४९९ चं पॅकेज आणि आरोग्य केंद्रातला बुधवारचा कॅम्प, दोन्हीचा माझा अनुभव

लॅबच्या पॅकेजला पाचपैकी एक स्टार आणि आमच्या आरोग्य केंद्रातल्या बुधवारच्या तपासणीला चार, हे आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना तेवढंच पाहिजे त्यांचं काम झालं. बाकीच्यांनी पूर्ण वाचा, खास करून तिशीच्या पुढच्या बायांनी. मी चोपडा तालुक्यातली, घरी केळी आणि कापूस, वय ४१, दोन मुलं. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशी पॅकेजं बऱ्याच ठिकाणी विकली जातात आणि मला भांडण कोणा एकाशी करायचं नाही, पॅकेजमधे काय असायला पाहिजे होतं आणि काय नव्हतं ते सांगायचंय.

हे सगळं सुरू झालं माझ्या मामीपासून. यावलकडची मामी, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, आणि एक दिवस परत अंगावरून जायला लागलं. कापूस वेचणीचे दिवस होते, तिने कोणाला सांगितलं नाही, शेजारणीला सांगितलं तर ती म्हणे उष्णता झाली असेल, सब्जा पी, धन्याचं पाणी पी. पांढरं पाणी जायचं त्याला वास यायचा, तेव्हा कपडा बदलायची आणि परत शेतात. असे आठ महिने गेले. मग कंबर इतकी दुखायला लागली की उठता येईना तेव्हा मामाने दाखवलं, तपासलं तर गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. मुंबईला टाटाला नेलं, रेडिएशनचे शेक दिले, सलाईनमधून औषधं दिली, मामा परळला फुटपाथवर झोपला, आणि चौदा महिन्यांनी मामी गेली. तिथल्या डॉक्टर मॅडम मामाला एवढंच म्हणाल्या होत्या की हा आजार पिशवीच्या तोंडावर कित्येक वर्षं बसून असतो, आधी कोणी एकदा जरी बघितलं असतं ना. ते वाक्य मामाने मला फोनवर सांगितलं तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून मी संक्रांतीच्या ऑफरमधे जळगावच्या एका लॅबमधे ते पॅकेज घेतलं. बॅनरवर गुलाबी रिबन, "महिला कॅन्सर स्क्रीनिंग", ६० च्या वर टेस्ट, २,४९९ रुपये. रक्त घेतलं, लघवी घेतली, पोटाची सोनोग्राफी केली, तासाभरात मोकळी. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं की ताई, पिशवीच्या तोंडाची तपासणी कुठे आहे यात, पॅप टेस्ट म्हणतात ती? तर ती म्हणे मॅडम तुम्हाला काही त्रास आहे का, नाही ना, मग त्याची गरज नाही, आणि ती पॅकेजमधे येत पण नाही, तुमची कॅन्सरची टेस्ट तर यात आहेच, सीए-१२५. मी गप्प बसले. तेव्हा मला माहित नव्हतं ना.

आता माहित आहे म्हणून सांगते. त्रास नसताना करायची असते तीच तपासणी खरी, त्यालाच स्क्रीनिंग म्हणतात. त्रास सुरू झाल्यावर जे करतात ते निदान. मामीला त्रास सुरू झाला तेव्हा उशीर होऊन गेला होता. आणि कॅन्सरच्या नावाने विकलेल्या पॅकेजमधे बायांच्या ज्या कॅन्सरला आधीच पकडता येतं नेमकी तीच टेस्ट नसावी, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार त्या सीए-१२५ ची. माझा रिपोर्ट आला ५२, नॉर्मल ३५ पर्यंत असतं, लाल रंगात ठळक अक्षरात छापलेला, आणि व्हॉट्सॲपवर रात्री साडेनऊला पाठवला, सोबत एक ओळ की तज्ज्ञ डॉक्टरांना भेटा. तुम्ही विचार करा, घरात एक जण या आजाराने गेलेली आणि रात्री तुमच्या हातात हा कागद. मी आठ दिवस जेवले नाही नीट. मिस्टर धीर द्यायचे पण त्यांचाही आवाज बदललेला. पोरगी दहावीला, तिच्यासमोर रडायचं नाही म्हणून गच्चीवर जाऊन बसायची. मग धुळ्याला एका गायनॅक मॅडमची अपॉइंटमेंट मिळाली, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का? होती, दुसरा दिवस होता. लॅबमधे कोणी विचारलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या पाळीत हा आकडा वाढतो, पिशवीत गाठी असल्या तरी वाढतो, एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे पिशवीचं अस्तर बाहेर वाढायचा आजार, असलं तरी वाढतो, लिव्हरच्या आजारात पण वाढतो. पंधरा दिवसांनी परत केली, २१ आली.

मॅडमनी मग नीट समजावलं. ही टेस्ट बीजांडकोषाच्या म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरची, ज्यांना तो झालाय त्यांच्या उपचाराचा परिणाम बघायला चांगली, पोटात गाठ दिसली तर सोबत करायला ठीक. पण चांगल्या धडधाकट बाईला उगाच करून ओव्हरीचा कॅन्सर आधी सापडतो आणि जीव वाचतो असं होत नाही. इंग्लंडमधे दोन लाखांहून जास्त बायांवर वर्षानुवर्षं ही टेस्ट आणि सोनोग्राफी करून बघितली, २०२१ मधे त्याचा शेवटचा निकाल आला, मरण काही कमी झालं नाही. म्हणजे ज्याने जीव वाचत नाही ती टेस्ट पॅकेजमधे, आणि ज्याने वाचतो ती नाही.

यानंतर मी आकडे बघायला लागले. मी बीएस्सी झालेली आहे, गावच्या शाळेत काही वर्षं गणित शिकवलंय, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. २०२२ चा जागतिक अंदाज आहे, त्यात भारतात एका वर्षात पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे १,२७,५२६ नवे पेशंट आणि ७९,९०६ मरण. रोजचे काढले तर २१९. आपल्या पाच एसट्या गच्च भरतील एवढ्या बाया, रोज. आणि जगातले सगळे मिळून ६,६२,३०१ नवे पेशंट, म्हणजे पाचात एक आपल्याकडची. ओव्हरीचे त्याच वर्षी ४७,३३३ नवे आणि ३२,९७८ मरण. ओव्हरीचा कॅन्सर पोटाच्या आत खोल असतो, उघडून दिसत नाही, लक्षणं पण ॲसिडिटी, पोट फुगणं अशी असतात, म्हणून पेशंटच्या मानाने त्याच्यात मरण जास्त हे कळण्यासारखं आहे. पण पिशवीचं तोंड तर नुसत्या डोळ्याला दिसतं! लाईट लावून बघितलं की दिसतं. आणि तिथे कॅन्सर व्हायच्या आधी दहा-पंधरा वर्षं पेशी बदलत असतात. जो कॅन्सर दिसतो, थांबवता येतो, त्याच्याने ८० हजार बाया मरतात, हे वाचल्यावर मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता एक गोष्ट, मला वाचताना खूप आश्चर्य वाटलं आणि ती तुम्हालाही कळायला पाहिजे. आपल्या देशात या कॅन्सरचा दर उतरत चाललाय. १९९० ते २०१६ या काळात, वयाचा हिशोब सारखा धरून लाखामागे जेवढ्या बायांना व्हायचा, ते प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं. मुंबईची कॅन्सर नोंदणी तर १९६० च्या दशकापासून आहे, सरकारचा राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम १९८१ ला सुरू झाला, तिथल्या नोंदी बघितल्या की मुंबई, चेन्नई, बंगळुरू सगळीकडे पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर खाली आलाय आणि स्तनाचा वर गेलाय. पहिले पिशवीच्या तोंडाचा एक नंबर होता, आता स्तनाचा.

मी आधी म्हटलं चला, तपासण्या वाढल्या म्हणून कमी झालं असेल. तसं नाहीये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेत ३० ते ४९ वयाच्या बायांना विचारलं की आयुष्यात कधीतरी ही तपासणी केली का, हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. शंभरात दोन पण नाहीत. मग कमी कशामुळे झालं? जाणकार सांगतात त्याप्रमाणे लग्न उशिरा व्हायला लागली, बाळंतपणं कमी झाली, पाणी-संडास-कपडा थोडा सुधारला, खाणंपिणं सुधारलं. १९९२-९३ ला आपल्याकडे बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, आता २ आहेत. माझ्या आजीला नऊ, आईला चार, मला दोन, म्हणजे आमच्या घरातच तो तक्ता आहे. दर कमी झाला तरी बायांची संख्या वाढली, वय वाढलं, म्हणून मरणाचा आकडा मोठाच राहतो. आणि जिथे लग्न अजून लवकर होतात तिथे धोका तसाच बसलाय. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या पोरींमधे २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं, हे त्याच सर्वेत आहे, आणि आमच्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांमधे काय चालतं ते मला आकडा न बघताही माहित आहे.

म्हणजे जे कमी झालं ते आपोआप झालं, तपासणीने जे कमी व्हायचं ते अजून बाकीच आहे. अमेरिकेत पॅप टेस्ट सगळीकडे पोचली म्हणून तिथे १९७० च्या दशकापासून निम्म्याहून जास्त खाली आलं. आपल्याकडेही करून दाखवलंय, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात, म्हणून मला हे सांगताना बरं वाटतं. उस्मानाबाद जिल्ह्यात, आताचं धाराशिव, १९९९ पासून १,३१,७४६ बायांना घेऊन अभ्यास झाला, टाटावाले आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. ज्या गावांमधे बायांची एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या व्हायरसने हा कॅन्सर होतो त्याची, टेस्ट केली आणि सापडलेल्यांवर इलाज केला तिथे आठ वर्षांत मरण जवळजवळ अर्ध्यावर आलं. एकदाच केलेली टेस्ट! आणि त्या बाया कोण, तर आपल्यासारख्याच, कोरडवाहू शेतीतल्या, तिशी ते साठीच्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधे टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींच्या टीमने दीड लाख बायांमधे दुसरा अभ्यास केला, त्यात अर्ध्या बायांना डॉक्टरनी नाही, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी व्हिनेगर लावून तपासलं, बारा वर्षांनी बघितलं तर त्यांच्यात मरण ३१ टक्के कमी.

आता हे व्हिनेगरचं काय ते सांगते कारण आरोग्य केंद्रात माझी तीच तपासणी झाली. तिला व्हीआयए म्हणतात.

गायनॅक मॅडमनी पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन तपासतात ती, तिथल्या तिथे घेतलीच होती, पण त्या म्हणाल्या तुमच्या गावाकडे सरकारी केंद्रात फुकट होते, घरातल्या बाकीच्यांना घेऊन जा, सगळ्यांना धुळ्याला आणायची गरज नाही. आमच्या आशाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या अहो वहिनी मी तर तुमच्या घरी दोनदा फॉर्म भरून गेले, तंबाखू खाता का, पांढरं जातं का, सगळं विचारून गेले, तुम्हीच म्हणाल्या होत्या नंतर बघू. खरं होतं ते.

दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी असतं. मी, जाऊबाई आणि सासूबाईंना घेऊन जायचं ठरवलं. जाऊबाई लाजत लाजत का होईना तयार झाल्या. सासूबाईंनी मात्र अहिराणीत सरळ सांगितलं, "माले काय व्हयेल शे, मी नही येस, माले लाज वाटस." आम्ही दोघी गेलो.

आत काय होतं ते मी स्पष्ट लिहिते कारण भीती तिथेच असते. सीएचओ म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर मॅडम होत्या, वय जेमतेम २६-२७, आणि एक सिस्टर. आधी बसवून विचारलं, पाळी कधी आली, मुलं किती, मिसरी लावता का. जाऊबाई लावतात. मॅडम ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या तंबाखूचं विष रक्तातून तिथपर्यंत जातं आणि व्हायरसला शरीर लवकर हाकलू शकत नाही. व्हायरस म्हणजे एचपीव्ही, लैंगिक संबंधातून येतो, जवळजवळ सगळ्यांनाच आयुष्यात कधी ना कधी येतो आणि बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो, ज्यांच्यात मुक्काम करतो त्यांना धोका. हे ऐकून जाऊबाईंचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं आपल्या चारित्र्यावर काही बोलतायत का. मॅडमच्या ते लक्षात आलं आणि त्या म्हणाल्या ताई, एकाच नवऱ्यासोबत आयुष्य काढलेल्या बाईलाही होतो, यात कोणाची काही चूक नसते. हे वाक्य प्रत्येक कॅम्पमधे मोठ्याने सांगायला पाहिजे असं मला वाटतं, कारण बाया याच भीतीने येत नाहीत.

मग टेबलवर झोपायचं, बाळंतपणात झोपतो तसं. चोचीसारखं एक साधन असतं, स्पेक्युलम, ते आत सरकवून हळूच उघडतात. गार लागतं आणि थोडा दाब वाटतो, दुखलं म्हणावं असं नाही, आणि मी सांगितलं की श्वास अडकतोय तर सिस्टर थांबल्या, म्हणाल्या तोंडाने श्वास सोडा. मग कापसाच्या बोळ्याने पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलंच, पिशवीच्या तोंडाला लावतात आणि एक मिनिट थांबतात. जिथे पेशी बिघडायला लागलेल्या असतात ती जागा पांढरी होते. बस. टॉर्च घेऊन बघितलं, म्हणाल्या तुमचं निगेटिव्ह. पूर्ण पाच मिनिटं. मशीन नाही, रिपोर्टची वाट नाही, पैसा नाही. मी टेबलवरून उतरले आणि मला मामी आठवली, तिच्या घरापासून पण असंच केंद्र सात-आठ किलोमीटरवर होतं.

जाऊबाईंचं पॉझिटिव्ह आलं.

इथे त्या केंद्राला मी सगळ्यात जास्त मार्क देते. मॅडमनी कॅन्सर हा शब्द असा फेकला नाही. चित्र काढून दाखवलं की हा डाग आहे, हा कॅन्सर नाही, कॅन्सर होऊ शकेल अशी जागा असू शकते, दहातल्या बऱ्याच जणींना पुढे काहीच निघत नाही, पण बघावं लागेल. चिठ्ठी लिहून दिली, जळगावला मोठ्या दवाखान्यात कोणत्या दिवशी जायचं ते सांगितलं, आणि स्वतःच्या मोबाईलवरून जाऊबाईंच्या मिस्टरांशी बोलल्या. माझा लॅबचा लाल आकडा आणि हे बोलणं, दोन्ही बातम्या घाबरवणाऱ्याच होत्या, पण एकीत माणूस सोबत होता. जळगावला दुर्बिणीतून बघितलं, छोटा तुकडा काढला, रिपोर्टमधे सीआयएन २ आलं, म्हणजे कॅन्सरच्या आधीची पायरी. थर्मल ॲब्लेशन केलं, गरम टोकाच्या यंत्राने ती जागा जाळतात, भूल नाही, ॲडमिट नाही. दुपारी तीनच्या गाडीने परत आलो. त्या बाईच्या घरी सध्या कळण्याच्या भाकरी थापल्या जातायत, दोन म्हशींचं दूध काढलं जातंय. मला याच्यापुढे त्या पॅकेजबद्दल काय लिहावं ते सुचत नाही.

चारच स्टार का दिले ते पण सांगते, कारण खोटं कौतुक करून काही सुधारत नाही. वेगळी खोली नाही, लेबर रूमच्या कोपऱ्यात पडदा लावलेला आणि पडदा पूर्ण सरकत नाही, बाहेर लसीकरणाची गर्दी, एका बाईने तो पडदा बघूनच माघार घेतली, मी स्वतः बघितलं. बायांच्या संडासला कुलूप आणि किल्ली कोणाकडे ते कोणाला माहित नाही. सकाळी नऊला गेलो, नंबर साडेबाराला लागला. निगेटिव्ह आलं त्याची चिठ्ठी हाताने लिहिलेली, पुढच्या वेळी कधी यायचं ते मी विचारल्यावर लिहिलं. हा मुद्दा छोटा नाही. उस्मानाबादच्या त्याच अभ्यासात एकदाच व्हिनेगर लावून बघितलेल्या बायांमधे मरण म्हणावं तसं कमी झालं नव्हतं, एचपीव्ही टेस्टवाल्यांमधे झालं. मुंबईत व्हिनेगरने फरक पडला तो दर दोन वर्षांनी परत परत केलं म्हणून. सरकारचा नियम पाच वर्षांनी परत करायचा आहे. तर एकदा केली आणि झालं असं कोणी समजू नका, आणि केंद्राने पण फोन करून बोलावलं पाहिजे, चिठ्ठी तर पहिल्या पावसात भिजून जाते. एचपीव्ही टेस्ट तालुक्यापर्यंत आली तर सगळ्यात चांगलं, त्यात बाई स्वतः सॅम्पल घेऊ शकते, पडद्याचा प्रश्नच येत नाही.

सासूबाईंचं नंतर असं झालं की जाऊबाईंचं कळल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या माले बी ली चाला. त्यांचं वय ६३. सीएचओ मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं की पाळी गेल्यावर जिथे पेशी बदलतात ती जागा आत सरकते, व्हिनेगरने नीट दिसत नाही, यांची पॅप करा. चोपड्याला केली, नऊ दिवसांनी रिपोर्ट आला, चांगला आहे. माहित नसताना निगेटिव्ह लिहून मोकळं होणं सोपं होतं, त्यांनी तसं केलं नाही.

पाळी गेलेल्या बायांसाठी अजून एक. पाळी जाऊन वर्ष झालं आणि नंतर एक थेंब जरी रक्त दिसलं तर ती उष्णता नाही. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर असाच दिसतो, आणि तो वाढतोय, अमेरिकेत तर त्याने होणारं मरण पण वाढतंय, वजन आणि शुगर ही त्याची मोठी कारणं. आपल्याकडे पण घरोघरी शुगर झालीये. लगेच दाखवायचं, त्याच आठवड्यात.

आणि कोणी नुसतं "पांढरं जातं, पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल" असं म्हणलं तर तपासणीचा कागद मागा. आमच्या गावात पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या बाया मी बोटावर मोजून सांगू शकते, कर्ज काढून केलेली ऑपरेशनं, त्यातल्या एकीची पण आधी पॅप झालेली नव्हती. काही जणींची वरची पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात, म्हणजे ज्याची भीती घातली ते जागेवरच राहतं आणि बाईला वाटतं आपण सुटलो. मला या गोष्टीचा फार राग आहे.

पोरीच्या एचपीव्ही लसीचं पण विचारून आले. या व्हायरसचे १६ आणि १८ नंबरचे प्रकार मिळून जगातले साधारण ७० टक्के पिशवीच्या तोंडाचे कॅन्सर करतात, लस त्यांच्यावर चालते. पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक २०२२ मधे मंजूर झाली, बाहेरच्या कंपन्यांची पण मिळते. ९ ते १४ वयात दिलेली सगळ्यात चांगली कारण व्हायरस यायच्या आधी द्यायची असते. इंग्लंडमधे १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमधे हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाला. माझी मुलगी पंधरा पूर्ण झालेली, तिला आता जास्त डोस लागतील म्हणाल्या, तरी देणार आहे. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच, हे पण तिथेच सांगितलं.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. पाळी चालू असताना जाऊ नका, आधीचे दोन दिवस संबंध नको आणि आत ठेवायच्या गोळ्या-क्रीम काही नको. साडी किंवा गाऊन घाला, सलवारपेक्षा सोपं पडतं. आधार कार्ड न्या, पाणी न्या, आणि एक मोठी ओढणी न्या पडद्याला लावायला. आशाताईंना आदल्या दिवशी फोन करून विचारा मॅडम येणारेत का, कधी कधी ट्रेनिंगला गेलेल्या असतात. पॉझिटिव्ह आलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं बघून ठेवा, रेशनकार्ड लागतं, कॅन्सरचा इलाज त्यात बसतो.

पुढचा कॅम्प येत्या बुधवारी आहे. गल्लीतल्या दोन काकू तयार झाल्यात, आम्ही साडेआठला रिक्षा करून निघणार आहोत, अजून एका जणीची जागा आहे.